दहशतवाद रोखणे आणि नागरी हक्क जपणे: महाराष्ट्रातील मुस्लिम समाजाचा अनुभव आणि आपली जबाबदारी



आम्ही शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. मूलभूत हक्कांचा धडा सुरू झाला की दरवर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी एक प्रश्न विचारतोच. "सर, एखादा चुकीच्या मार्गाला लागलाय हे आम्हाला कळलं आणि आम्ही पोलिसांना सांगितलं, तर आम्हालाच धरणार नाहीत ना?" वर्गात हसू पिकतं, पण ते हसू मोकळं नसतं. हा प्रश्न मुलांनी घरी ऐकलेला असतो. कधी अब्बांच्या तोंडून, कधी नानीच्या.

या प्रश्नाचं उत्तर नीट, पुराव्यानिशी आणि कायद्याच्या आधाराने द्यावं म्हणून हा लेख. यात तीन गोष्टी आहेत. आपल्या समाजाने दहशतवादाविरुद्ध आजवर काय केलं, बेगुनाहांसाठी काय केलं, आणि आज आपल्या घरात, मोहल्ल्यात, मशिदीत आणि शाळेत आपण काय करू शकतो. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही दोन वेगवेगळी कामं नाहीत. ज्या वस्तीला न्याय मिळण्याचा भरवसा असतो, तीच वस्ती खबर घेऊन पुढे येते. आणि जिथे बेगुनाह पकडला जातो, तिथे खरा गुन्हेगार मोकळा राहतो.

दीन काय सांगतो

निरपराध माणसाचा जीव घेणं म्हणजे साऱ्या माणुसकीचा खून, ही शिकवण सूरह माइदाच्या ३२ व्या आयतीतून येते आणि जुम्याच्या तकरिरीत आपण ती अनेकदा ऐकलेली आहे. तिच्या जोडीला आणखी दोन आयती लक्षात ठेवायला हव्यात. सूरह निसाची १३५ वी आयत इन्साफासाठी खरी गवाही द्यायला सांगते, मग ती स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा नातलगांच्या विरोधात का जाईना. सूरह हुजुरातची ६ वी आयत सांगते की कुणी खबर आणली तर आधी तिची शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणावर जुल्म होईल आणि मग पस्तावाल.

आपला माणूस चुकत असेल तर झाकू नका, आणि खात्री केल्याशिवाय कुणालाही गुन्हेगार ठरवू नका. या दोन्ही हुकमांना जोडून पाहिलं की या लेखाचा पाया समजतो. गंमत म्हणजे आपलं संविधानही यापेक्षा फार वेगळं काही सांगत नाही.

चार घटना, ज्या विसरून चालणार नाहीत

११ जुलै २००६. मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८९ माणसं गेली, आठशेहून जास्त जखमी झाली.

८ सप्टेंबर २००६. शब-ए-बरातचा दिवस, त्यात जुमा. मालेगावात हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले. तीसहून अधिक लोक मरण पावले. त्यांत लहान मुलंही होती.

२९ सप्टेंबर २००८. रमजानचे शेवटचे दिवस. मालेगावच्या भिक्कू चौकात मोटरसायकलवर ठेवलेल्या बॉम्बने सहा जणांचा जीव घेतला, सुमारे शंभर जखमी झाले.

२६ नोव्हेंबर २००८. मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला झाला. १६६ जण गेले. त्यांत सर्व धर्मांचे लोक होते आणि सीएसटी स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेले मुस्लिम प्रवासीसुद्धा होते.

दहशतवादाची झळ "त्यांना" बसते आणि संशय "आपल्यावर" येतो, असं बोलण्याची सवय आपल्याला लागली आहे. ती सोडायला हवी. मालेगावच्या कबरी साक्षीला आहेत की झळही आपल्यालाच बसली.

समाजाने काय केलं

"मुसलमान दहशतवादाविरुद्ध बोलत का नाहीत?" हा सवाल अजूनही विचारला जातो. म्हणून काही नोंदी इथे एकत्र देतो. पाठ करून ठेवा, कामी येतील.

फेब्रुवारी २००८ मध्ये दारुल उलूम देवबंदने देशभरातल्या उलेमांची परिषद बोलावली आणि दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ३१ मे रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जमीयत उलेमा-ए-हिंदच्या पुढाकाराने मोठी सभा झाली आणि तिथे देवबंदचा दहशतवादविरोधी फतवा वाचून दाखवण्यात आला. हे २६/११ च्या आधी घडलं होतं, ही बाब लक्षात घ्या.

२६/११ नंतर मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मुंबईच्या मरीन लाइन्स येथील बडा कब्रस्तानात दफन करायला जामा मशीद ट्रस्टने साफ नकार दिला. मय्यतीला दोन गज जमीन नाकारणं आपल्याकडे किती मोठी गोष्ट आहे, हे कुणाला समजावून सांगायला नको. ते मृतदेह वर्षभराहून अधिक काळ शवागारात पडून होते. शेवटी सरकारने २०१० मध्ये गुप्तपणे त्यांची विल्हेवाट लावली. डिसेंबर २००८ च्या बकरी ईदला अनेक ठिकाणी लोक दंडाला काळी फीत बांधून नमाजला गेले.

२०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला गेले आणि आयसिसमध्ये सामील झाल्याची बातमी आली. मुलं घरातून गेल्याचं कळताच त्यांच्या घरच्यांनीच पोलिसांत धाव घेतली. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, मुंबईतून सुरू झालेल्या मोहिमेत देशभरातल्या हजाराहून अधिक उलेमा आणि इमामांनी आयसिसविरोधी फतव्यावर सह्या केल्या.

फतवे निघाले, सभा झाल्या, हे चांगलंच झालं. पण आमच्या मते कल्याणच्या त्या आई-बापांचं पाऊल फतव्यापेक्षा जड होतं. फतव्यावर सही करताना कुणाला आपलं लेकरू गमवावं लागत नाही.

बेगुनाहांची लढाई

आता दुसरी बाजू.

मालेगाव २००६ च्या स्फोटांनंतर राज्याच्या एटीएसने नऊ मुस्लिम तरुणांना पकडलं. म्हणजे कब्रस्तानात ज्यांचे लोक मेले, त्याच वस्तीतले तरुण आरोपी झाले. तपास नंतर सीबीआयकडे आणि तिथून एनआयएकडे गेला. २०११ च्या अखेरीस त्यांना जामीन मिळाला. २०१३ मध्ये एनआयएने दुसऱ्याच लोकांविरुद्ध आरोपपत्र ठेवलं. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने या मुस्लिम आरोपींना दोषमुक्त केलं. स्फोट झाला तेव्हा कडेवर असलेली लेकरं तोवर शाळेत मोठ्या वर्गात पोचली होती.

७/११ च्या खटल्यात तेरा जणांवर आरोप होते. २०१५ मध्ये मकोका न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. तेरावे, अब्दुल वाहिद शेख, नऊ वर्षं तुरुंगात काढून निर्दोष सुटले. ते पेशाने शिक्षक, आमच्याच बिरादरीतले. तुरुंगात असताना त्यांनी 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिलं आणि बाहेर आल्यावर उरलेल्या बाराजणांसाठी काम करत राहिले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई हायकोर्टाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब आणि साक्षी कोर्टाच्या कसोटीला उतरल्या नाहीत. बारांपैकी एकजण २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. २४ जुलैला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जायची गरज नाही.

गुजरातच्या अक्षरधाम मंदिरावर २००२ मध्ये झालेल्या हल्ल्याच्या खटल्यातही असंच झालं. १६ मे २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने सहाही आरोपींना निर्दोष सोडलं. त्यांत फाशीची शिक्षा झालेलेही होते.

हे निकाल आपोआप लागले नाहीत. त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत आहे. जमीयत उलेमा महाराष्ट्रच्या कायदेविषयक मदत समितीने गुलजार आझमी यांच्या देखरेखीखाली शेकडो तारखांना वकील उभे केले. २०२३ मध्ये ते अल्लाहला प्यारे झाले. एपीसीआरसारख्या संघटनाही नागरी हक्कांसाठी काम करतात. आणि वकील शाहिद आझमी यांना विसरता येणार नाही. तरुणपणी टाडाखाली त्यांनी स्वतः तुरुंग भोगला, बाहेर येऊन कायदा शिकले आणि गरीब आरोपींचे खटले घेतले. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्याच्या त्यांच्या ऑफिसात गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. २६/११ च्या खटल्यात ते ज्या फहीम अन्सारीची बाजू मांडत होते, तो त्याच वर्षी मे महिन्यात निर्दोष ठरला आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते कायम केलं. लक्षात घ्या, याच खटल्यात कसाबला फाशी झाली. न्यायालयाने दोघांमधला फरक पाहिला. बचावाचा वकील नसता तर हा फरक कोण दाखवणार होतं?

निर्दोष सुटले, मग गुन्हेगार कोण?

काही लोक म्हणतात, आरोपींना वकील देणं म्हणजे दहशतवादाला मदत करणं. त्यांना आम्ही एकच विचारतो. ७/११ च्या त्या १८९ घरांना आज काय उत्तर आहे? १९ वर्षांनी हायकोर्टाने सांगितलं की पकडलेल्यांवर गुन्हा सिद्ध होत नाही. मग सात डब्यांत बॉम्ब ठेवले कुणी? त्या घरांनाही इन्साफ मिळालेला नाही.

मालेगाव २००८ चंही तसंच. हेमंत करकरे यांच्या नेतृत्वाखालच्या एटीएसने त्या स्फोटाचा तपास केला होता. करकरे साहेब २६/११ च्या रात्री शहीद झाले. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष एनआयए न्यायालयाने सातही आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये भरपाई द्यायला सांगितलं. पीडित कुटुंबं हायकोर्टात गेली आहेत.

इथे आपल्याला प्रामाणिक राहावं लागेल. दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. एकावर आपण मिठाई वाटली, दुसऱ्यावर संताप केला. दुसऱ्या बाजूच्या लोकांनी नेमकं उलट केलं. पण कच्चा तपास हा दोन्हीकडे पीडितांचाच गुन्हेगार आहे. आपली मागणी "आमचे सोडा, त्यांचे पकडा" अशी असू नये. तपास खरा करा, पुरावा पक्का आणा, मग तो कुणाच्याही विरोधात जावो, ही आपली मागणी असली पाहिजे. सूरह निसाची ती आयत हेच तर सांगते.

आणखी एक मुद्दा. निर्दोष सुटलेल्याला भरपाई देण्याचा पक्का कायदा आपल्या देशात नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईचा कायदा करावा, अशी शिफारस केली. ती शिफारस कागदावरच आहे. आमदार-खासदार मतं मागायला आले की रस्ता आणि गटारीसोबत हाही विषय काढा.

कायदे थोडक्यात

टाडा हा कायदा १९८५ ते १९९५ आणि पोटा २००२ ते २००४ या काळात होता. दोन्ही गेले. आज मुख्य कायदा यूएपीए, मूळचा १९६७ चा. २००४, २००८, २०१२ आणि २०१९ मध्ये तो बदलला. २६/११ नंतरच्या बदलाने जामीन फार अवघड झाला. सकृतदर्शनी आरोप खरा वाटला तर कोर्ट जामीन देऊ शकत नाही, असं ४३ड(५) हे कलम सांगतं. आरोपपत्रासाठी पोलिसांना १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. २०१९ पासून संघटनेप्रमाणे एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करता येतं.

राज्यात १९९९ चा मकोका आहे. एरवी पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. मकोकात मात्र एसपी किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब चालतो. ७/११ च्या खटल्याचा मोठा भाग अशाच कबुलीजबाबांवर उभा होता.

सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल वकिलांच्या कामी येतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये के. ए. नजीब प्रकरणात कोर्टाने म्हटलं की खटला वर्षानुवर्षं लांबत असेल तर यूएपीएतही जामीन देता येतो. मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात ठरलं की यूएपीएखाली अटक करताना अटकेची कारणं लेखी द्यावीच लागतात.

पोलीस दारात आले तर

१ जुलै २०२४ पासून फौजदारी कार्यपद्धतीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. पुढचे मुद्दे त्यातले आणि संविधानातले आहेत. मस्जिदच्या नोटीस बोर्डावर लावायला हरकत नाही.

१. घाबरू नका, पळू नका, हुज्जत घालू नका. अधिकाऱ्याचं नाव आणि पोलीस स्टेशन विचारा. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे.

२. नुसतं "चला जरा, दोन मिनिटं" म्हटलं तर विचारा, ही अटक आहे, नोटीस आहे की साक्षीसाठी बोलावणं? लेखी नोटीस मागा. नोटीस मिळाली तर मात्र वेळेवर हजर राहा.

३. स्त्रिया, १५ वर्षांखालील आणि ६० वर्षांवरील व्यक्ती, तसंच अपंग आणि गंभीर आजारी माणसं यांना साक्षीच्या चौकशीसाठी पोलीस स्टेशनला यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी येऊन विचारायचं असतं.

४. अटक झाली तर अटकेचा पंचनामा होतो. त्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष आणि अटक झालेल्याची सही लागते. तारीख आणि वेळ बरोबर लिहिली आहे का, हे बघूनच सही करा. अटकेची कारणं आणि घरी खबर मिळणं हा हक्क आहे.

५. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं बंधनकारक आहे. संविधानाचं कलम २२ हेच सांगतं. मारहाण झाली असेल तर तिथेच, त्याच वेळी, दंडाधिकाऱ्याला सांगा. वैद्यकीय तपासणीतही डॉक्टरला सांगा.

६. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं. मात्र पूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसेलच, असा हक्क नाही.

७. पोलिसांसमोरच्या जबाबावर सही घ्यायची नसते. कोऱ्या कागदावर तर कधीही सही करू नका. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणालाही भाग पाडता येत नाही, हे कलम २०(३).

८. झडतीला वस्तीतले पंच लागतात. आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. फोन, लॅपटॉप नेला तर पंचनाम्यात नीट नोंद झाली का ते बघा आणि प्रत घ्या.

९. अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. त्याला चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं.

१०. कोठडीत असलेल्या कुणालाही, कमाई कितीही असो, मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन नंबर १५१०० आहे.

एक विनंती. पंच म्हणून उभं राहायला आपले सुशिक्षित लोक टाळाटाळ करतात. "नको ती भानगड" म्हणतात. मग पोलीस आपला ठरलेला पंच आणतात आणि आपण बोंब मारतो. खरा पंच मिळाला तर निष्पाप वाचतो आणि दोषीवरचा पुरावाही पक्का होतो.

मूल भरकटतंय असं वाटलं तर

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील रात्री घरी आले. मुलगा अकरावीत. रात्र-रात्र मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघायचा, जुने दोस्त सोडले होते, घरच्यांना "तुम्ही कसले मुसलमान" म्हणायला लागला होता. कुणा अनोळखी माणसाशी चॅटिंग चालू होतं आणि तो माणूस पैसे पाठवायची भाषा करत होता. वडील तीन आठवडे गप्प राहिले होते. का, असं विचारल्यावर म्हणाले, "सर, एकदा पोराचं नाव रजिस्टरात चढलं की मिटत नाही. मालेगाव विसरलात का?"

आमच्याकडे त्याला लगेच उत्तर नव्हतं. शेवटी आम्ही चौघं बसलो. वडील, मोहल्ल्यातले इमाम साहेब, एक ओळखीचे वकील आणि आम्ही. इमाम साहेबांनी मुलाशी चार-पाच वेळा बोलून त्याच्या डोक्यात भरलेल्या आयतींचा पुढचा-मागचा संदर्भ समजावला. मग वकिलांना सोबत घेऊन वडील एका अधिकाऱ्याला भेटले, चॅट दाखवलं, लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. अधिकारी समजूतदार निघाला. त्याचं लक्ष मुलापेक्षा पलीकडच्या माणसावर होतं. मुलगा आज डिप्लोमा करून नोकरीला आहे. पण ते तीन आठवडे आम्हाला अजून अस्वस्थ करतात. पलीकडच्या माणसाला तेवढा वेळ पुरेसा होता. आणि तो वेळ त्याला आपल्या भीतीने दिला होता.

यावरून आम्ही काही गोष्टी शिकलो.

दाढी ठेवली, पाच वक्त नमाज सुरू केली, टीव्ही बंद केला, याला धोक्याची खूण समजू नका. दीनदार होणं हा गुन्हा नाही. खूण असते ती वेगळी: जुनी नाती अचानक तोडणं, अनोळखी माणसाशी गुप्त संपर्क, हिंसेचं कौतुक, हत्यार किंवा प्रवासाची भाषा, आणि "कुणाला सांगू नको" असं सांगणारा गुरू. जो चोरून भेटतो, घरच्यांपासून लपवायला सांगतो, उत्तेजित करून कायदा मोडायला लावतो, त्याच्यापासून दूर राहा, मग तो कोणत्याही नावाने आलेला असो.

मूल नुसतं प्रश्न विचारत असेल, रागावलेलं असेल, तर ते काम घराचं, शाळेचं आणि इमामांचं आहे. पोलिसांचं नाही. हिंसेची तयारी दिसली, कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर मात्र थांबू नका. तातडीचं असेल तर ११२ लावा. वेळ असेल तर वकिलाला सोबत घेऊन लेखी द्या आणि पोच घ्या.

आम्हा शिक्षकांसाठीही एक इशारा आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने मुलांवर नजर ठेवून संशय कळवण्याची जबाबदारी शाळांवर टाकली. परिणाम असा झाला की चार वर्षांच्या एका मुस्लिम मुलाने काकडी कापणाऱ्या वडिलांचं चित्र काढलं, 'कुकुंबर' हा त्याचा बोबडा उच्चार शिक्षिकांना 'कुकर बॉम्ब' असा ऐकू आला, आणि त्याला कट्टरतेविरोधी कार्यक्रमाकडे पाठवण्याची भाषा झाली. अशा वर्गात कुठलं मूल मनातलं बोलेल? आणि ज्या वर्गात मूल बोलतच नाही, तिथे शिक्षकाला काहीच कळत नाही.

भरवसा बनवता येतो: भिवंडीचा धडा

१९७० आणि १९८४ मध्ये भिवंडी दंगलीत जळाली होती. १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांचे सामान्य लोक, यंत्रमाग कामगार, दुकानदार आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले. नळाच्या भांडणापासून सणांच्या मिरवणुकीपर्यंत सगळं तिथे बोललं जाई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, सतीश सहानी यांनी मोहल्ला कमिटीचं काम उभं केलं.

यात शिकण्यासारखं हे की पोलिसांशी ओळख संकटाच्या दिवशी होत नसते. ती आधी लागते. आणि ती खबऱ्या म्हणून नको, नागरिक म्हणून हवी. खबऱ्या अंधारात भेटतो, कुणाचंही नाव देतो आणि त्याला कुणी जाब विचारत नाही. नागरिक उजेडात जातो, आपलं नाव लिहून देतो, पोच घेतो आणि उद्या कोर्टात उभा राहतो.

मोहल्ल्यासाठी कामाची यादी

- प्रत्येक मस्जिद ट्रस्टने दोन वकिलांचे नंबर बोर्डावर लावावेत, त्यांतली एक महिला वकील असावी.
- वर्षातून दोनदा जमातखान्यात कायद्याचं शिबिर घ्यावं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विनंतीवरून असं शिबिर विनामूल्य घेतं.
- खुतब्यात इन्साफ, गवाही आणि अफवांची शहानिशा हे विषय महिन्यातून एकदा तरी यावेत.
- व्हॉट्सॲपवर कोणताही व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी तो कधीचा, कुठला, हे तपासावं.
- सुटून आलेल्या बेगुनाहाला काम द्यावं, त्याच्या मुलांना शाळेत घ्यावं, त्याच्या घरी जावं. कोर्टाने सोडलं आणि मोहल्ल्याने सोडलं नाही, असं होऊ देऊ नका.
- स्फोटातल्या पीडितांच्या घरी जावं. कोणत्याही धर्माचे असोत.

शेवटी

वर्गातल्या त्या प्रश्नाकडे परत येतो. "आम्हालाच धरणार नाहीत ना?" आम्ही मुलांना खोटा दिलासा देत नाही. सांगतो की हो, असं झालेलं आहे, आणि तारखांसकट सांगतो. मग हेही सांगतो की कल्याणचे आई-बाप तरीही गेले. शाहिद आझमी तरीही कोर्टात उभे राहिले. वाहिद शेख सरांनी तुरुंगात बसूनही कायदा वाचला. त्यांच्या हातात कायदा होता आणि त्यांनी तो सोडला नाही.

यंदा एका मुलीने आणखी एक प्रश्न विचारला. "सर, अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून बाई चालते का?" आम्ही म्हणालो, "का नाही? कायद्यात बाप्या माणसाची अट नाही." तिने वहीत लिहून घेतलं. तुम्हीही लिहून घ्या.

अल्लाह आपल्या सर्वांना इन्साफावर कायम ठेवो. आमीन.